मास्टरांची दोन बोटं

आमच्या कटिंगच्या टेबलाखाली एक पोतं असतं. दिवसभराच्या चिंध्या त्यात जातात. फेकू फेकू म्हणता ते भरतं, मग दुसरं लागतं, आणि फेकत कोणीच नाही, कारण कधी कुठला तुकडा लागेल याचा काही नेम नसतो. दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच होऊन बसलंय. एकोणीस वर्षं झाली. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. अगं, टेकायला मिळालं तर लिहीन ना. आज दुपारपासून लाईट नाही, मशिनी बंद आहेत, तर चलो, सांगूनच टाकते.

दुकान जबलपुरात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. काम काय, तर जुन्या काळी बायका जे घालायच्या त्यावरून आजच्या पोरींचे कपडे काढायचे. खणाच्या चोळीवरून जाकीट, आजीच्या पोलक्यावरून शर्ट, नऊवारीवरून पँट. खाली सराफ्यात बायका जुन्या वळणाची ठुशी घडवतात आणि जिना चढून वर येतात. "यावर शोभेल असं काही तरी द्या, पण ऑफिसला पण चाललं पाहिजे." मी हसते, हो म्हणते, वही उघडते. दिवसातून दहा वेळा हेच. पाय दुखतात तेव्हा हसणंही दुखतं.

कापतात, मशिनीवर शिवतात शकूर मास्टर. सत्तरी कधीच ओलांडली. कोणी विचारलं, धंदा काय तुमचा, तर सांगतात, "दादी का कपड़ा पोती को पहनाते हैं। पोती पहनती नहीं, फोटो खिंचवाती है।" तिसऱ्या आमच्या कुसुमताई. हातशिलाई त्यांची. माहेर अमरावतीकडचं, नवरा रेल्वेत होता, तो गेल्यापासून आमच्याकडे. बोलणं कमी, टाका बारीक.

आता खरी गोष्ट. मास्टरांचे डोळे जाऊन राहिले होते. मोतीबिंदू असता तर काढला असता. डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच सुकत चाललाय, ऑपरेशनचं काम नाही. मुलगा सलीम शहपुऱ्याला असतो, बी-बियाण्याचं दुकान आहे. चांगला पोरगा. दर महिन्याला यायचा आणि मला बाजूला घेऊन म्हणायचा, "दीदी, अब्बू ओमती का चौराहा अकेले पार करते हैं। किसी दिन कुछ हो जाएगा। आप बोल दो, आपकी बात मान जाएँगे।" चूक काहीच नव्हतं त्याचं. आणि मास्टर म्हणायचे, "शहपुरा जा के क्या करूँगा? गेहूँ देखूँगा? वो भी तो दिखना चाहिए।"

दोन वर्षं मला त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं, की मास्टर, आता बस. दोन वर्षं ते निघेचना. काहून निघेना, ते ऐका.

*

मास्टर बाईच्या अंगाला टेप लावत नाहीत. मापाचं ब्लाउज मागतात. ते टेबलावर पसरतात, वरून बोटं फिरवतात आणि सांगतात, मी लिहिते. "कमर दो उंगली ढीली। पीछे का गला चार उंगली। बाँह कोहनी से तीन ऊपर।" एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे, एकीतही इंच सापडायचा नाही. हे त्यांच्या आईकडून आलं. ती गावात चोळ्या शिवायची, वीत आणि बोटं एवढीच तिची हत्यारं. जुनी चोळी असतेच तशी. इंचानं कापली की ती चोळी राहत नाही, ब्लाउज होते, असं मास्टरांचं मत.

गंमत अशी, की आत्ता बसणारं ब्लाउज मापाला कोणतीच बाई देत नाही. कधीकाळी बसायचं ते देते. एक बँकेतल्या मॅडम आल्या होत्या, पन्नाशीच्या. पिशवीतून घडी घातलेलं ब्लाउज काढलं, डांबरगोळीचा वास दुकानभर.

"हेच माझं माप, मास्टरजी. थोडंसंच सैल ठेवा."

मास्टरांनी बोटं फिरवली. "शादी का है?"

मॅडम चक्क लाजल्या. त्या जिना उतरल्यावर मास्टर मला म्हणाले, "लिखो दीदी, हर तरफ दो उंगली ज़्यादा।" मग जरा थांबून, "इनकी बेटी की भी शादी हो गई है ना? चार लिखो।"

ब्लाउज असं बसलं की बघत राहावं. मॅडम आरशासमोरून हलेनात. "बघा, माप अजून तेच आहे माझं."

"जी, बिल्कुल वही।" मास्टर म्हणाले.

*

निधी म्हणून एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरचं काम, घर इथलं. पणजीची खणाची चोळी घेऊन आली. यावरून जाकीट पाहिजे, अगदी सेम टू सेम.

मास्टरांनी केलं. इस्त्री करताना मी पाहिलं तर डाव्या काखेखाली तिरका, वेगळ्याच रंगाचा तुकडा. चोळी काढून बघितली. पणजीबाईंची चोळी तिथं फाटली होती, त्यांनी हाताला येईल ते कापड लावलं होतं.

"मास्टर, हे तर ठिगळ आहे."

"था, तो लगाया।"

मी माफी मागायची तयारी करून बसले. निधी आली, जाकीट घातलं, हात वर करून आरशात बघितलं आणि म्हणाली, "दीदी, ये असिमेट्री! मला सगळ्यात जास्त हेच आवडलं." फोटो टाकला तिनं. महिन्याभरात चार पोरी आल्या, "ते तिरकंवालं" पाहिजे म्हणून.

कुसुमताई एकेक ठिगळ लावत मला म्हणाल्या, "माह्या मायनं जल्मभर ठिगळं लपवली वहिनी. आता मी दाखवाले लावून राहिली."

तेव्हा आम्ही हसलो. तो तुकडा दुसऱ्या रंगाचा आहे हे मास्टरांना दिसलं काहून नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

*

मग ती चेनवाली नऊवारी. नेसायला येत नाही म्हणून आजकाल शिवून घेतात, मागे चेन, पायात घातली की झालं. फॅक्टरीच्या कॉलनीतली एक मुलगी, तिच्या लग्नाला आम्ही शिवली. लग्न झालं, जेवणं झाली, आणि चेन अडकली. नणंदेनं ओढली, जावेनं साबण लावला, सासूनं देवाचं नाव घेतलं. चेन हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतच होते, तर स्कूटरवरून नवरा-नवरी. नवरीच्या अंगात तीच नऊवारी, वरून नवऱ्याचं जर्किन. बिचारी रडायच्या बेतात होती. नवरा आमच्या नजरेला नजर देईना. मास्टरांनी चष्मा पुसला, बोटानं शिवण शोधली आणि एका चिरेत तिला मोकळं केलं. आत परकर होता म्हणून बरं.

"बेटा, पुराने ज़माने की औरतें नौ गज में से दो मिनट में निकल आती थीं," मास्टर म्हणाले. "तुम चार मीटर में फँस गईं।"

चेन नीट लावायची राहिली ती माझ्याकडून, हे मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

*

रिया नावाची एक मुलगी फोटो घेऊन आली. खापरपणजीचा, पिवळा पडलेला. मराठी तिला कळायची, बोलता यायची नाही. साखरपुड्यासाठी तिला हुबेहूब तोच पेहराव पाहिजे होता. फोटोत एक बाई, गडद बिनकाठाचं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला, अंगावर दागिना नाही.

"कितना मिनिमल है ना, दीदी? नो ज्वेलरी. एकदम क्लासी."

मी फोटो बघितला आणि विषय टाळायला लागले. तो रंग तुला शोभणार नाही म्हटलं, कापड मिळत नाही म्हटलं. पोरगी तीनदा आली. तिसऱ्यांदा कुसुमताईंनी सुई बाजूला ठेवली.

"बाई, ते आलवण हाय. नवरा मेल्यावर नेसवत होते. डोक्याचे केस काढत म्हणून पदर तेवढा पुढं हाय. तिले कोणी विचारलं नसन, काय नेसतं म्हणून."

रियाला सगळं कळलं. तिनं फोटोतल्या पदरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तो फिर वो बनाओ, जो ये पहनना चाहती थीं।"

"ते आता कोण सांगणार?" मी म्हटलं. "रंग कोणता घेऊ?"

"सारे घ्या," कुसुमताई म्हणाल्या.

घेतले. घागऱ्याला नऊ रंगांचे काठ लावले. दुकानातलं सगळ्यात भडक काम आहे ते, आणि मला त्याच्यासारखं दुसरं काही आवडत नाही.

*

कुसुमताई रोज सकाळी आल्या आल्या वीस सुया ओवायच्या आणि मास्टरांच्या सुयांच्या गादीत टोचून ठेवायच्या. पहिली रांग लाल, मग हिरवी, मग काळी. मला वाटायचं, बाईला नीटनेटकेपणाची हौस. मास्टरही दिवसातून दहादा कापड पुढं करून विचारायचे, "कुसुमबेन, बताओ तो, लाल है कि मरून?" परीक्षा घेतल्यासारखं. त्या उत्तर द्यायच्या. अशी दोन वर्षं त्या दोघांनी मला बनवलं.

मास्टरांना रंगच दिसत नाहीत हे कळलं कधी, तर कुसुमताई पुतणीच्या लग्नाला पाच दिवस गेल्या तेव्हा. मंजिरी म्हणून नवरी होती, संध्याकाळी सीमांतपूजन, दुपारी जाकीट न्यायला आली. मी पिशवीतून काढलं. एक बाही हिरवी, एक निळी.

ही काही असिमेट्री म्हणाली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. हिरवा खण संपलेला. शेवटी काचेत टांगलेलं नमुन्याचं जाकीट मी उसवलं, त्याची बाही काढून हिला लावली. चार वाजता मंजिरी गेली. राग मास्टरांचा आला की स्वतःचा, काही समजेना.

मास्टर टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते. म्हणाले, "दीदी, कौन सी गलत थी? दाहिनी या बाईं?"

बोलले मग मी. त्याच दिवशी बोलले. "मास्टर, आता बस करा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सलीम येतोय, त्याच्याबरोबर जा."

मला वाटलं होतं भांडतील. "ठीक है," म्हणाले आणि कात्रीला तेल द्यायला घेतलं.

कुसुमताई परत आल्या. त्यांनी दोन दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. सुया मात्र रोजच्यासारख्या वीसच ओवल्या.

*

नवा कारागीर ठेवला. सरळ शिलाई, तरतरीत डोळे, नाव ठेवायला जागा नाही. त्याच्याकडे पहिलं काम आलं ते एका महिला मंडळाचं, हळदीकुंकवासाठी बारा पोलकी, फुग्याच्या बाह्यांची, आजीच्या काळची. जुन्या गिऱ्हाइकिणी सगळ्या, माप वहीत होतं. कमर दोन उंगली ढीली. त्यानं वही वाचली आणि कापलं.

शुक्रवारी मंडळाच्या बाईंचा फोन. "अहो, नाव घ्यायला उठले आणि दुसऱ्या ओळीपर्यंत दमच पुरेना. पहिल्या ओळीत हिमालयाचा बर्फ आला, नवऱ्याचं नाव राहूनच गेलं. बाराही जणी श्वास धरून बसल्या होत्या."

नवऱ्याच्या नावाशिवाय उखाणे गेले ते गेले, पोलकी परत आली. मास्टरांनी एकावरून हात फिरवला. "सिलाई अच्छी है। उंगली पतली है।"

खरंच. वहीतली बोटं मास्टरांची, आणि कापली याच्या बोटांनी. एकोणीस वर्षांचं सगळं माप शहपुऱ्याच्या बसमध्ये बसून जाणार होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी टेप घेतला, मास्टरांची दोन बोटं मोजली. सव्वा इंच. परत मोजली, दीड. तिसऱ्यांदा सव्वा आणि दीडच्या मधलं काही तरी. मी टेप टाकून दिला.

मास्टरच म्हणाले, "मेरा हाथ रख लो, दीदी। पुट्ठे पे उतार के काट लो। जिसको दो उंगली चाहिए, रख के निशान लगा ले।"

*

रविवारी सलीम दोन वाजता आला. चारची बस होती. मास्टरांची बॅग त्याच्या हातात, टिफिन त्याच्या हातात. मास्टर इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. टेबल रिकामं केलं, खाकी पुठ्ठा पसरला. मास्टरांनी त्यावर उजवा हात ठेवला, बोटं पसरून. कुसुमताईंनी पेन्सिल घेतली.

अंगठ्यापाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. टोक करून आणलं, तर म्हणाल्या, रेघ जुळत नाही, नवा पुठ्ठा घ्या.

दुसऱ्या पुठ्ठ्यावर हात काढून झाला. कुसुमताई बघत राहिल्या. "मास्टर, तुमचा हात हालला."

"नहीं हिला।"

"हालला. मी पायलं."

मास्टरांना काय दिसणार? त्यांनी परत हात ठेवला.

तिसऱ्या पुठ्ठ्याला मधे घडी निघाली. ती रेघ मारून झाल्यावर निघाली. पंधरा वर्षांत या बाईचा टाका मी इकडचा तिकडे झालेला पाहिला नाही. तिला एक हात काढता येईना. सलीम आधी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. मग त्यानं बघणं सोडलं आणि स्टुलावर बसला, बॅग मांडीवर घेऊन.

चौथा हात बरोबर आला. त्यात काढायला खोट नव्हती. कुसुमताईंनी तो पुठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "वहिनी, तुम्हीच कापा."

मास्टरांनी त्यांची कात्री पुढं केली. ती कात्री आजवर कोणाला मिळाली नव्हती, मलाही नाही. जड आहे. मी अंगठा कापला. पहिलं बोट कापलं. दुसरं. तिसरं सावकाश कापलं, रेघेला धरून, अगदी नीट.

मग माझ्या हातून कात्री करंगळीतून आडवी गेली.

मास्टरांनी पुठ्ठा उचलला आणि कडेवरून बोट फिरवलं. अंगठ्यावरून, पहिल्यावरून, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. पुढं गेले आणि थांबले.

"दीदी, छोटी उंगली?"

"कटून गेली, मास्टर."

त्यांनी ते कापलेलं टोक दोनदा चाचपलं. मग पुठ्ठा टेबलाखालच्या पोत्यात टाकला आणि हात पुढं केला. मी कात्री परत दिली. मागे सलीम उठला. त्यानं बॅग मशीनखाली सरकवली, टिफिन उघडून टेबलावर ठेवला.

"पुट्ठा और है ना?" मास्टरांनी विचारलं.

"भरपूर आहे," मी म्हटलं.

"तो फिर कल बनाते हैं।"